गाडी कोणी बांधली?

(द्वितीय वर्ष कला)

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात मोटारगाडीवर लेख कशासाठी, असा प्रश्न आमच्या संपादक मंडळाला पडला होता हे मला ठाऊक आहे. कला शाखेच्या मुलीने पावसावर कविता द्यावी, फार तर सहलीचे वर्णन द्यावे, असा रिवाज आहे. पण मागच्या दिवाळीपासून एक गाडी माझ्या डोक्यात फिरते आहे आणि कागदावर उतरल्याखेरीज ती थांबेल असे दिसत नाही. म्हणून हा उद्योग.

ही गाडी रस्त्यावरची नव्हे. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर धावणारी, एका माणसाची, चाके उघडी असलेली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी अशा गाड्या स्वतः बांधतात आणि देशोदेशी त्यांच्या स्पर्धा होतात. १९८१ साली अमेरिकेत, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात, ही प्रथा सुरू झाली. १९९८ मध्ये ती ब्रिटनमध्ये आली आणि आपल्याकडे २०११ पासून ‘सुप्रा’ या नावाने स्पर्धा होऊ लागली. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ भरते, तीही याच जातीची. नियम मोठे गमतीचे आहेत. इंजिन ७१० सीसीच्या आत हवे आणि पेट्रोलचे असेल तर त्याने सगळी हवा केवळ २० मिलिमीटरच्या भोकातून ओढायची, म्हणजे ताकदीला आपोआप वेसण बसते. ब्रेक दाबला की चारही चाके एकदम अडकली पाहिजेत. चालकाला ५ सेकंदांत गाडीबाहेर पडता आले पाहिजे. ७५ मीटरची सरळ धाव असते, आठाच्या आकड्यातली फेरी असते, आणि शेवटी सुमारे २२ किलोमीटरची दमछाक. एकूण गुण १०००. पण ते सगळे वेगाचे नसतात. आराखड्याचे असतात, खर्चाच्या हिशेबाचे असतात, आणि ही गाडी विकायची झाली तर कशी विकाल, याचेही असतात.

हे सर्व मला माहीत असण्याचे काही कारण नव्हते. पण गाडीचा सांगाडा आमच्या शेडमध्ये जोडला गेला.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शेड आहे. शेड पत्र्याची, भाड्याची. दोन वेल्डिंग मशिने, एक ड्रिल, दोन ग्राइंडर आणि मधोमध जाड लोखंडी टेबल, एवढा संसार. अण्णा बार्शीकडून पुण्यास आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. आज मी आहे तेवढे. दुसऱ्याच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून राहिले, आधी आर्क शिकले, मग सीओटू, मग आर्गन. पुस्तकांत ज्याला टिग वेल्डिंग म्हणतात त्याला भोसरीत कोणी टिग म्हणत नाही. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून त्यावर आर्गन वायूचे पांघरूण घालावे लागते आणि सिलिंडरचे पैसे मोजावे लागतात, तेव्हा नावही त्याचेच. अण्णा नववीपर्यंत शिकले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. शेडचे बिलबुक माझ्याकडे असते. कॉलेज सुटले की पीएमपीच्या बसने भोसरीला उतरायचे, बिले लिहायची आणि अण्णांबरोबर घरी जायचे, हा माझा क्रम.

ऑक्टोबरमध्ये पाच-सहा मुले नळ्यांचा भारा टेम्पोत घालून आली. पुण्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची. नाव लिहीत नाही, कारण मला भांडण त्या महाविद्यालयाशी करायचे नाही. मुले चांगली होती. अण्णांना काका म्हणत, चहा स्वतः आणत. त्यांच्यापाशी लॅपटॉपवर सांगाड्याचे इतके सुंदर चित्र होते की ते बोटाने फिरवावे आणि पाहत बसावे. पैसे मात्र बेताचे. म्हणून त्यांनी जमेल तेथे काटकसर चालवली होती. इंजिन केटीएम ३९० ड्यूकचे, अपघातात सापडलेल्या गाडीतून काढलेले. ३७३ सीसीचे हे इंजिन चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार झालेले, म्हणजे आमच्या शेडपासून फार तर तासाभराच्या वाटेवरचे. स्टिअरिंगचा दांडा जुन्या मारुती ८०० चा, कापून आखूड केलेला. बेअरिंगे नाना पेठेत घासाघीस करून घेतलेली, आणि एक भक्कम शिकंजा जुन्या बाजारात रविवारी सापडलेला. यातला प्रत्येक रुपया त्यांना तोंडपाठ होता. त्यांचा हा गुण मला फार आवडला. आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा हिशेब इतका चोख कोणी ठेवत असेल असे वाटत नाही.

आता सांगाड्याची गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार तिच्यावर आहे.

सांगाडा एक इंची पोलादी नळ्यांचा असतो. चालकाच्या डोक्यामागे जी कमान असते, गाडी उलटली तर त्याला वाचवणारी, तिच्या नळीची जाडी सुमारे अडीच मिलिमीटर; बाकीच्या पुष्कळ नळ्या दीड-पावणेदोनच्या. अशा चार-चार, पाच-पाच नळ्या एका बिंदूत येऊन मिळतात. त्या तिरक्या येतात, म्हणून प्रत्येकीचे तोंड पुढच्या नळीच्या गोलाईवर बरोबर बसेल असे, माशाने आ वासावा तसे, कापावे लागते. चित्रात हे एका क्षणात होते. शेडमध्ये ग्राइंडर आणि कानस घेऊन एका तोंडाला अर्धा तास जातो. मुलांनी कापून आणलेली पहिली नळी अण्णांनी जागेवर धरली, मागे बॅटरी लावली आणि उजेड आरपार आला.

“ह्यो कुणी कापला?” अण्णांनी विचारले. एकाने हात वर केला. “फट हाय. आर्गनला फट चालत न्हाई. आर्क असता तर भरून काढला असता.”

फट का चालत नाही, हे तेव्हा मलाही प्रथमच समजले. फट बुजवायला तार जास्त घालावी लागते, तार जास्त म्हणजे उष्णता जास्त, आणि दीड मिलिमीटरच्या नळीला ती सोसत नाही. एक तर भोक पडते, नाही तर निवताना सांधा नळीला आपल्याकडे ओढून घेतो. एका सांध्याने अर्धा मिलिमीटर ओढले तर कळतही नाही. पण असे साठ-सत्तर सांधे असतात. शेवटी पुढची चाके एका रेषेत येत नाहीत, आणि मग कितीही महागडे इंजिन घाला, गाडी एका अंगाला चालते. म्हणून अण्णांनी आधी सगळा सांगाडा टेबलावर कोन मारून घट्ट बांधला, सगळीकडे नुसते टाके घातले, गुण्या आणि ओळंबा लावून पुन्हा मापे घेतली. आणि मग एक सांधा डावीकडचा, एक उजवीकडचा, एक पुढचा, एक मागचा, मध्ये थांबून, हात लावता येईल इतके निवू देऊन, असे काम केले. दिवसा गिऱ्हाइकांची कामे असत. हे काम रात्री. अकरा रात्री लागल्या. मुलांनी फोनवर मोजून दाखवले, सांगाडा आराखड्यापेक्षा सव्वा मिलिमीटरने इकडचा तिकडे होता, आणि ते आनंदाने ओरडले. अण्णा म्हणाले, “सव्वा कुटं गेला?”

अकराव्या रात्री मुलांनी फिल्म काढली. प्रायोजकांना दाखवायला अशी फिल्म लागते म्हणे. एक मुलगा आर्गनची बंदूक हातात घेऊन, तोंडावर काच ओढून, पूर्ण झालेल्या सांध्यावर वाकून उभा राहिला. दुसऱ्याने कॅमेरा धरला आणि अगदी नम्रपणे म्हटले, “काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.” अण्णा बाजूला झाले. नुसते झाले नाहीत. जाता जाता त्या मुलाची बंदूक त्यांनी सरळ करून दिली, कारण त्याने ती उलट धरली होती.

मी बिलबुकावरून डोके वर करून हे पाहिले आणि मला राग आला. तो अजून गेलेला नाही. पण राग हा काही लेखाचा विषय होत नाही. म्हणून मी नियम वाचून काढले.

या स्पर्धांच्या मूळ अमेरिकी नियमावलीत असे आहे की, गाडीची कल्पना, आराखडा, बांधणी आणि निगा ही सर्व विद्यार्थ्यांनी करावी. व्यावसायिक अभियंते, शर्यतवाले, यंत्रकारागीर यांचा त्यात थेट हात नसावा. सल्ला घेता येतो. आणि पुढे म्हटले आहे की बांधणीची कामे विद्यार्थ्यांनी शक्य तेथे स्वतः करावीत. ‘शक्य तेथे’! हे दोन शब्द एवढे रुंद आहेत की त्यांतून आमची शेड टेबलासकट आत जाते. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. ज्याने हाताने नळी कापली त्यालाच पुढच्या वेळी चित्र काढताना कळते की पाच नळ्या एका बिंदूत आणल्या तर बंदूक आत शिरायला जागा राहत नाही. पण जानेवारीची तारीख जवळ येते, परीक्षा असतात, पाच नळ्या फुकट गेलेल्या असतात, आणि ‘शक्य तेथे’ चा अर्थ हळूहळू ‘फिल्मपुरते’ असा होतो.

याच नियमावलीत आणखी एक गंमत आहे. संघात कोण चालेल? पदवीचे शिक्षण घेणारा विद्यार्थी. शाखेची अट नाही. म्हणजे मला पाना धरता येत नाही, तरी कागदोपत्री मी त्या संघात चालले असते. माझा चुलतभाऊ औंधच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकतो, माझ्याच वयाचा आहे, तो मात्र चालला नसता. कारण तो शिकत असला तरी पदवीसाठी शिकत नाही. अण्णा कारागीर म्हणून बाहेर, आणि भाऊ विद्यार्थी असूनही बाहेर. ज्याच्या हाताला ते काम येते त्याला आत यायला दारच नाही, आणि काम तर झालेच पाहिजे. मग ते रात्री, फ्रेमच्या बाहेर होणार, यात नवल काय?

आता हिशेबाकडे वळते. ‘कमी खर्चात शर्यतीची गाडी’ ही या मुलांची अभिमानाची गोष्ट होती. पण ती कमी खर्चात झाली कशी? जुने इंजिन, कापलेला दांडा, नाना पेठेतली घासाघीस, हे सर्व खरे. ती त्यांची अक्कल आणि त्यांचे श्रेय. परंतु सर्वांत मोठी बचत माझ्या बिलबुकात आहे. विद्यार्थी आहेत म्हणून अण्णांनी वायूचे, तारेचे आणि विजेचे पैसे लावले. अकरा रात्रींचे काही लावले नाही. मला ‘मजुरी’च्या रकान्यात आडवी रेघ मारायला सांगितले. पुढे त्यांच्यातल्या एकाने आपला खर्चाचा अहवाल मला दाखवला. स्पर्धेत प्रत्येक बोल्टचा आणि प्रत्येक क्रियेचा खर्च ठरावीक तक्त्यावरून मांडावा लागतो. त्यात वेल्डिंग सेंटिमीटरवर मोजले होते, आणि सांगाड्याच्या सांध्यांची जी रक्कम निघाली होती ती आमच्या बिलापेक्षा पुष्कळ मोठी होती. म्हणजे ज्या श्रमाची किंमत अहवालात पूर्ण धरली होती, त्याच श्रमापुढे माझ्या बिलबुकात रेघ होती. मी त्या मुलाला हे म्हटले. तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, “हे आमच्या लक्षातच आलं नाही.” मला वाटते तो खरे बोलत होता, आणि दुःख त्याचेच आहे.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने हे ऐकून मला चांगले झाडले. ती म्हणाली, “अण्णांनी पैसे सोडले ही त्यांची खुशी. इमारतीवर गवंड्याचे नाव असते का?” नसते. पण इमारतीचा मालक ‘या विटा मी रचल्या’ असे म्हणून हातात थापी घेऊन फोटोही काढत नाही. त्याला घर हवे असते. या मुलांना नुसती गाडी नको होती. ‘आम्ही बांधली’ हे म्हणण्याचा हक्क हवा होता, आणि तो त्यांनी अर्धाच कमावला. बाकीचा अर्धा त्यांनाच मिळायला हवा होता असे माझे म्हणणे आहे. अण्णांचे त्यात काही गेले नाही, ते दुसऱ्या दिवशी ट्रॉलीच्या जाळ्या जोडत होते. चार वर्षे यंत्रशास्त्र शिकून हातात बंदूक उलटी धरावी लागली, हे नुकसान कोणाचे?

स्वस्तात गाडी बांधणारे पूर्वीही होऊन गेले. लोटसचा कॉलिन चॅपमन लंडनला विद्यार्थीदशेत होता तेव्हा, १९४८ च्या सुमारास, त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली शर्यतीची गाडी प्रेयसीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये उभी केली. तेथे फ्रेमच्या बाहेर जाणारे कोणी नसावे, कारण पैसेच नव्हते. आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवली आणि सत्तरच्या दशकापर्यंत ते ती पुन्हा पुन्हा सुधारत राहिले. तिचा कारखाना निघाला नाही, हे आपले दुर्दैव. पण ती गाडी कोणी बांधली असे कोणाला विचारावे लागत नाही. पुण्याला १९६६ मध्ये वेताळ टेकडीवर मोटारींची संशोधन संस्था मिळाली, त्याच सुमारास टेल्को आली, पिंपरी-चिंचवडला कारखान्यांची रांग लागली. या शहरात गाडीचे डोके आणि गाडीचे हात पंधरा-वीस किलोमीटरच्या अंतरात राहतात. तरी त्यांची भेट होते ती रात्री, आणि तीही बिलापुरती.

इतके सगळे लिहिल्यावर एक गोष्ट लपवली तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. अकरावीच्या प्रवेश अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापुढे मी ‘उद्योजक’ असे लिहिले होते. प्रथम वर्षालाही तेच. वर्गात कोणी विचारले तर “भोसरीला वर्कशॉप आहे” असे सांगते आणि ते खोटे नाही. पण वर्कशॉप म्हटल्यावर समोरच्याच्या मनात जे चित्र येते त्यात अण्णा काच वर करून, डोळे चोळत, शर्टाला ठिणग्यांची भोके घेऊन उभे नसतात, हे मला ठाऊक असते. त्या मुलाने अण्णांना एकदा बाजूला व्हायला सांगितले. मी तीन वर्षे सांगत आले. तेव्हा मुलांवर रागावण्याचा माझा हक्क किती, याचा निवाडा वाचकांनी करावा.

जानेवारीत गाडी हजारावर किलोमीटर दूर कोइमतूरला गेली. तपासणीतून सुटली, ब्रेकच्या परीक्षेत दुसऱ्या खेपेस पास झाली आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत नवव्या फेरीला साखळी तुटून उभी राहिली. सांगाड्याचा एकही सांधा हलला नव्हता, असे एका मुलाने रात्री अण्णांना फोन करून सांगितले. अण्णांनी विचारले, साखळी कुणी बसवली होती? फोन मी धरला होता, त्यामुळे पलीकडचे हसू मला ऐकू आले.

माझे मागणे मोठे नाही. ज्या कोणत्या संघाला बाहेरून वेल्डिंग करून घ्यावे लागते त्याने तसे अहवालात लिहावे, मजुरीसकट लिहावे, आणि न्यायाधीशांनी विचारले तर सांगावे. गुण कमी झाले तर होऊ द्यावेत. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी आयटीआयच्या मुलांना संघात घेण्याची वाट काढावी. मग ‘शक्य तेथे’ या शब्दांची गरज बरीच कमी होईल.

फिल्ममध्ये बंदूक उलटी धरणारा तो मुलगा यंदा संघाचा प्रमुख आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो एकटाच आला. नळ्या आणल्या नव्हत्या. हातमोजे मात्र स्वतःचे, नवे कोरे. “काका, चित्र काढायच्या आधी वेल्डिंग शिकायचं आहे,” म्हणाला. अण्णांनी भंगारातले तुकडे त्याच्यापुढे ओतले. पहिल्या दिवशी त्याने चौदा सांधे केले. अण्णांनी एकेक शिकंज्यात धरून हॅक्सॉने मधोमध कापला आणि आतली कच्ची जागा त्याला दाखवली. चौदाही भंगारात गेले. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी त्याच्या नावाने बिल फाडले: आर्गन, तार, वीज, आणि मजुरीच्या रकान्यात, अण्णांना न विचारता, शिकवणीचे पैसे लावले. त्याने ते काही न बोलता दिले.